नैराश्याच्या नव्या गोळ्या जुन्यांपेक्षा खरंच भारी आहेत का?

मेडिकलवाला_परभणी

गेल्या काही वर्षांत शहरातून येणाऱ्या चिठ्ठ्या पार बदलल्यात. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा डिप्रेशनसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रॅमिन, फार तर फ्लुओक्सेटिन असायचं. मग एस्सिटॅलोप्रामचा पूर आला. आता डेसव्हेन्लाफॅक्सिन, व्हिलाझोडोन, व्हॉर्टिओक्सेटिन. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं शेवटी आमच्याच काउंटरवर येतं आणि त्यासोबत ठरलेला प्रश्न येतो, "ही नवीन निघालेली हाय ना? मग पावरफुल असंल."

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवी गोळी जास्त जोरदार नसते, अंगाला जास्त सोसते. आणि आपल्याकडं गोळी कुठली यापेक्षा ती किती दिवस पोटात जाते यावर गाडी अडते.

२०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्सफर्डच्या आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाचा मोठा अभ्यास आला. २१ औषधं, ५२२ चाचण्या, १,१६,४७७ प्रौढ रुग्ण. सगळीच्या सगळी २१ औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब तशाच गोळीपेक्षा, सरस ठरली. गंमत पुढं आहे. गुणाच्या बाबतीत यादीत सगळ्यात वर कोण? अ‍ॅमिट्रिप्टिलिन. १९६१ पासून बाजारात असलेली, आज स्वस्तात मिळणारी. एस्सिटॅलोप्राम, मिर्टाझापिन, व्हेन्लाफॅक्सिन, अ‍ॅगोमेलाटिन, व्हॉर्टिओक्सेटिन यांचेही आकडे चांगले आहेत, पण एकमेकांतला फरक थोडाच.

मग डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलिनच का लिहीत नाहीत? तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ, लघवी अडते, दिवसभर गुंगी, उठलं की चक्कर. म्हाताऱ्या माणसाला रात्री लघवीला उठताना तोल गेला की खुबा मोडलाच. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या प्रमाणाबाहेर पोटात गेल्या तर थेट हृदयावर येतं. एसएसआरआय, म्हणजे फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्या, त्या मानानं पुष्कळ सुरक्षित. ज्या घरात जिवाचीच काळजी आहे तिथं हा फरक लहान नाही. तरीही गोळ्यांचं पाकीट घरातल्या दुसऱ्या माणसाकडं ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

आता माझी खरी तक्रार. लोक पाच गोळ्या मागतात. मी कात्रीनं पट्टी कापतो, नाव आणि एक्स्पायरी दुसऱ्या अर्ध्यावर राहते, गिऱ्हाईक कागदाच्या पुडीत पाच गोळ्या घेऊन जातो. पुढच्या बाजारी येतो नाही तर येत नाही. या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, नीट पारख व्हायला सहा ते आठ. उलट मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा पहिल्याच आठवड्यात. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. पाच गोळ्यांत माणसाच्या पदरात नुसता त्रास पडतो आणि गावभर होतं की डोक्याच्या गोळ्या वाईट.

जाणकारांनी भर घालावी. चुकत असेल तिथं कान धरावा.

गोदाकाठची

चांगला धागा, दादा. सोसण्याबद्दल एक भर घालते.

माझ्या सासूबाई सत्तरीच्या. मामंजी गेल्यावर जेवण सुटलं, बोलणं सुटलं. एस्सिटॅलोप्राम सुरू झाली. काही आठवड्यांनी त्या भलतंच बोलायला लागल्या. नातवाला दिराच्या नावानं हाक मारायच्या, चालताना भिंत धरायच्या. सगळे म्हणाले, वय झालं, आता असंच चालायचं. एका डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची गोळी पण लिहून दिली. शेवटी नणंदेच्या ओळखीतल्या डॉक्टरांनी रक्तातलं सोडियम तपासायला लावलं तर ते एवढं खाली की लगेच भरती करायला सांगितलं. त्यांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासून होती, त्यात ही. दोन्ही मिळून सोडियम उतरलं होतं. औषध बदललं, सोडियम वर आलं आणि आठवड्याभरात सासूबाईंनी मला भाजीत मीठ कमी आहे म्हणून सुनावलं.

नवी गोळी म्हणजे निर्धोक असं कुणी समजू नये एवढ्यासाठी लिहिलं.

मेडिकलवाला_परभणी

ताई, लाख मोलाचं सांगितलंत. साठीच्या पुढच्या माणसाला एसएसआरआय सुरू केल्यावर सोडियम बघायलाच पाहिजे, त्यातून बीपीची थायाझाइडवाली, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी असेल तर नक्कीच. सिटॅलोप्रामचं अजून एक. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, त्याचा डोस ४० मिलीग्रॅमच्या वर नको आणि साठीपुढं २० च्या वर नको असं सांगून ठेवलंय.

उलटतपासणी

धागाकर्त्याचा हेतू चांगला आहे, पण आकडे अर्धेच सांगितलेत. त्या ५२२ चाचण्यांपैकी बहुतेक कंपन्यांच्या पैशावर झाल्या आणि सरासरी आठ आठवड्यांच्या. लोक गोळ्या वर्षानुवर्षं खातात. २००८ साली एरिक टर्नर यांनी एफडीएकडं नोंदवलेल्या ७४ चाचण्या काढून पाहिल्या, त्यातल्या जवळपास एक तृतीयांश छापल्याच गेल्या नव्हत्या. छापून आलेल्या पाहिल्या तर औषध जवळजवळ दर वेळी जिंकतं, सगळ्या पाहिल्या तर निम्म्याच वेळा. त्याच वर्षी अर्विंग कर्श यांनी दाखवलं की प्लासिबो आणि औषध यांच्यातला सरासरी फरक तुटपुंजा आहे. आणि २०२२ साली जोआना मॉन्क्रीफ यांच्या आढाव्यानं 'मेंदूत सेरोटोनिन कमी झालं की डिप्रेशन येतं' ही गोष्टच पुराव्यात बसत नाही असं सांगितलं.

दुसरा मुद्दा आपल्या मातीतला. सोयाबीनला भाव नाही, काढणीच्या तोंडावर पाऊस, बँकेची नोटीस दाराला. या माणसाला गोळी देऊन काय साधणार? भाव द्या ना.

लातूरचा_पाव्हणा

शेवटच्या परिच्छेदाला लाख वेळा +१

निवासी_मनोविकार

मी अंबाजोगाईला शिकलो, सध्या मराठवाड्यातच एका सरकारी दवाखान्यात मनोविकार विभागात आहे. उलटतपासणी यांचे बरेच मुद्दे मान्य, निष्कर्ष नाही.

टर्नर यांच्या अभ्यासात न छापलेल्या चाचण्या धरूनसुद्धा प्रत्येक औषध प्लासिबोच्या वरच राहिलं. फुगवटा गेला, औषध उरलं. २०१८ च्या अभ्यासातही न छापलेली माहिती शोधून घातली होती. साधारण हिशेब असा मांडतात की आठ आठवड्यांत औषधावर शंभरात पन्नास जणांना ठळक आराम पडतो आणि प्लासिबोवर पस्तीस-चाळीस जणांना. कुणाला हा फरक लहान वाटेल. ओपीडीत बसलेल्या मला तो लहान वाटत नाही, कारण त्या दहा-पंधरा जणांत कुणाची तरी माय असते. पण चमत्कारही नाही, हे खरंच.

सेरोटोनिनची गोष्ट फार सोपी करून सांगितली गेली, मान्य. ती पडली म्हणून गोळी निकामी होत नाही. गोळी चालते का हे चाचणीत कळतं, कशी चालते हा वेगळा प्रश्न. वैद्यकात कितीतरी औषधं आधी उपयोगाची ठरली आणि त्यांचं गणित नंतर उलगडलं.

आता सोयाबीन. भावाचं औषध माझ्याकडं नाही. पण कर्ज आहे म्हणून डिप्रेशन नाही असंही होत नाही. कर्ज असलेले दहा शेतकरी समोर बसवा. नऊ जण शिव्या देतील, मोर्चाला जातील, पाव्हण्याकडून उसनं आणतील. दहावा पहाटे तीनला जागा होतो, बैलाला पाणी दाखवायला उठवत नाही, दोन महिन्यांत सहा किलो उतरलाय आणि 'माझ्यामुळंच घर बुडालं' एवढंच बोलतो. त्या दहाव्याला भाव मिळाला तरी तो आडतीपर्यंत माल न्यायला उठणार नाही. त्याला उपचार पाहिजे आणि भावही पाहिजे. दोन्हींत भांडण लावू नका.

सौम्य डिप्रेशनला मी गोळीची घाई करत नाही. समुपदेशन, झोपेची घडी, पुन्हा कामाला लावणं, थोड्या दिवसांनी परत बोलावणं. मध्यम आणि तीव्र असेल तर गोळी, जमेल तिथं बोलून उपचाराची जोड. अडचण अशी की तालुक्याला समुपदेशक सापडत नाही. शासनाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ साली मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत सुरू झाला. आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात आणि ज्याची काळजी वाटते त्याला पुढं पाठवतात. आमच्याकडं पोहोचणारे काही रुग्ण असेच येतात. देशपातळीवर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात डिप्रेशनच्या जवळपास ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. इथं आपण जुनी गोळी की नवी यावर वाद घालतोय.

उलटतपासणी

डॉक्टर, उत्तर पटण्यासारखं आहे. पण तुमच्याच शास्त्रातली अमेरिकेची स्टार-डी चाचणी घ्या. एक औषध लागू पडलं नाही की पुढचं, अशा चार पायऱ्यांत ६७ टक्के बरे झाले असं २००६ पासून सांगत आलात. २०२३ मध्ये तोच डेटा मूळ आराखड्याप्रमाणं तपासला तर ३५ टक्के निघाले. याला काय म्हणायचं?

निवासी_मनोविकार

झोंबणारं आहे, पण बरोबर आहे. त्या फेरतपासणीवरही वाद चालू आहे, तरी ६७ हा आकडा मी रुग्णाला सांगत नाही. पहिल्या गोळीवर तिघांतला एक पूर्ण बरा होतो, बाकीच्यांना डोस वाढवावा लागतो किंवा औषध बदलावं लागतं, एवढं सांगतो. त्यातून एक गोष्ट कामाची निघते. पहिली गोळी लागू पडली नाही म्हणजे आपला आजार असाध्य आहे, असं रुग्णानं धरून चालू नये.

लातूरचा_पाव्हणा

आता माझं ऐका. मी व्हेन्लाफॅक्सिन वर्षाच्या वर घेतली. लै गुण आला, खोटं कशाला बोलू. नोकरी टिकली, बायको माहेरून वापस आली. मग वाटलं आता बरा हाव, कशाला खायाच्या, अन् एका दिवशी बंद केल्या. दोनच दिवसात डोक्यात करंट बसल्यावानी व्हायला लागलं. मान वळवली की झट्कन करंट. घाम, चक्कर, रात्रभर भलतेच स्वप्न. मला वाटलं लकवा मारायलाय. भाऊ म्हणला, बघ, सवय लागली, नशेची गोळी हाय ही.

ही नशा हाय का न्हाई ते सांगा डॉक्टरसाहेब.

निवासी_मनोविकार

नशा नाही. नशेत माणूस डोस वाढवत जातो, जीव त्यासाठी तळमळतो. तसं इथं होत नाही. पण शरीराला औषधाची सवय झालेली असते, ते एकदम काढलं की शरीर बोंबलतं. ही गोष्ट आमच्या लोकांनी बरीच वर्षं हलक्यात घेतली, हेही इथं नोंदवतो. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त ७९ अभ्यासांचा आढावा आला. औषध बंद केल्यावर ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. प्लासिबो बंद केल्यावरही १७ टक्के लोकांना झाला. म्हणजे औषधामुळं होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि फार तीव्र त्रास पस्तिसात एकाला. व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन, पॅरोक्सेटिन यात पुढं. फ्लुओक्सेटिन शरीरातून हळूहळू जाते, तिचा त्रास कमी.

बंद करायची तर डॉक्टरांना सांगून, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबानं कमी करत जायची, आणि शेवटच्या बारक्या डोसाला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. एक दिवसाआड खाऊन सोडायची पद्धत लोक आपल्या मनानं काढतात, ती या गोळ्यांना चालत नाही.

कधी बंद करायची, हेही विचाराल. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटल्यावर निदान सहा ते नऊ महिने. वारंवार होत असेल तर दोन वर्षं किंवा पुढं. २०२१ मध्ये इंग्लंडात ४७८ लोकांवर चाचणी झाली. सगळे बरे वाटत असलेले, बराच काळ गोळीवर. निम्म्यांची हळूहळू बंद केली. वर्षभरात चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्के पुन्हा आजारी पडले, बंद करणाऱ्यांपैकी ५६ टक्के. म्हणजे बंद करून ४४ टक्के ठीक राहिले. दोन्ही बाजू दिसतात यात.

नवखी_आई

वाचते आहे. एक शंका. बाळंतपणानंतर मला त्रास झाला होता, सर्ट्रालिन दिली होती. घरच्यांनी दूध तोडायला लावलं. गरज होती का?

निवासी_मनोविकार

ताई, अंगावर पाजणाऱ्या आईला सर्ट्रालिन सहसा पहिल्या पसंतीनं देतात, दुधातून बाळाकडं अगदी थोडी जाते. एरवी दूध तोडावं लागत नाही. बाळ दिवसांआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवायचं. खास बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी झुरानोलोन नावाची १४ दिवसांची गोळी एफडीएनं २०२३ मध्ये मंजूर केली. गुण लवकर येतो, पण गुंगी एवढी की घेतल्यावर बारा तास गाडी चालवायची नाही. आपल्याकडच्या बायांसाठी सर्ट्रालिन अजून उत्तम आहे.

मेडिकलवाला_परभणी

काउंटरवरचे काही मुद्दे राहिले, ते घालतो.

व्हिलाझोडोन भरल्या पोटी घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर अंगी लागणारं औषध जवळपास निम्म्यावर येतं. नवरात्रात निम्मं गाव नऊ दिवसांच्या उपासाला बसतं, कुणी तुळजापूरला चालत निघतं, आणि गोळी सकाळी नुसत्या चहावर. रोज्यांतही तेच. ही चिठ्ठी आली की मी आधी उपासाचं विचारतो.

दुसरं, अंगदुखी. कापूस वेचून, ऊस तोडून आलेली माणसं डायक्लोफेनॅकवर जगतात. एसएसआरआय आणि त्यावर रोजची दुखीची गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची जोखीम वाढली. काळी शी झाली तर लगेच दवाखाना. ट्रॅमाडॉलबरोबर तर सेरोटोनिन वाढून ताप, थरथर, गोंधळलेपण येऊ शकतं. टीबीच्या काही रुग्णांना लिनेझोलिड चालू असते, तिथंही तोच धोका. तुमच्याकडं चालू असलेलं सगळं औषध डॉक्टरला दाखवा, गुपचूप घेतलेलं इंजेक्शनसुद्धा.

तिसरं, आणि यावर मला रागच येतो. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत. ही जोडगोळी धडाक्यात लिहितात. पहिले दोन-चार आठवडे झोपेसाठी क्लोनाझेपाम समजू शकतो. पण जोडगोळीत क्लोनाझेपाम वेगळी थांबवता येत नाही, मग ती वर्षभर चालते. नशा विचारत होता ना पाव्हणे? चटक लावणारी ती आहे, एस्सिटॅलोप्राम नाही. लोक चिठ्ठीशिवाय मागायला येतात ती पण हीच. देत नाही म्हटलं की शेजारच्या दुकानाकडं बोट दाखवतात.

अनामिक_२७

नाव न सांगता विचारतो. गोळीनं मन बरं झालं, पण नवरा-बायकोच्या संबंधाची इच्छाच गेली. डॉक्टरांनी विचारलं नाही, मला सांगवलं नाही. दुसरी गोळी असते का?

निवासी_मनोविकार

विचारलंत ते फार बरं केलंत. एसएसआरआयवर हा त्रास खूप जणांना होतो आणि याच कारणानं लोक न सांगता गोळी सोडतात. बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन, अ‍ॅगोमेलाटिन यांत तो कमी, व्हॉर्टिओक्सेटिनमध्येही कमी डोसवर कमी. पण प्रत्येकीची किंमत वेगळी. बुप्रोपिऑननं फिट येऊ शकते, म्हणून आकडीचा इतिहास असेल किंवा रोजची दारू एकदम सोडत असाल तर नको. मिर्टाझापिननं झोप येते, भूक सुटते, वजन वाढतं. वाळून गेलेल्या माणसाला ते वरदान, शुगरवाल्याला संकट. अ‍ॅगोमेलाटिनवर लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. व्हॉर्टिओक्सेटिननं मळमळ. तुमच्यासाठी कुठली, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना बोलून दाखवायला जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवा. माझ्याकडं लोक असं करतात.

पुण्यातला_जालनेकर

इकडं नाकात मारायच्या स्प्रेची चर्चा आहे. तासाभरात डिप्रेशन जातं म्हणे?

निवासी_मनोविकार

एसकेटामिन. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, निदान दोन औषधं नीट घेऊनही गुण नाही अशांसाठी. परिणाम तासा-दिवसांत दिसू शकतो हे खरं. पण बीपी चढतं, माणूस स्वतःपासून तुटल्यासारखा होतो, म्हणून दवाखान्यात दोन तास नजरेखाली बसवावं लागतं. घरी न्यायची वस्तू नाही. आणि तीव्र आजारात, माणूस खातपीत नसेल तर, ज्याला लोक शॉक म्हणून घाबरतात ती ईसीटी अजूनही सगळ्यात खात्रीची. भूल देऊन करतात.

गोदाकाठची

डॉक्टर, तरुण मुलांबद्दल पण लिहा ना. पाकिटात इशारा असतो तो वाचून माझी भाची घाबरली.

निवासी_मनोविकार

तो इशारा एफडीएनं २००४ मध्ये मुलांसाठी घातला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्यांसाठी वाढवला. या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्याहून मोठ्या प्रौढांत तसं दिसलं नाही, पासष्टीपुढं तर धोका कमीच झाला. म्हणून भाचीनं गोळी फेकायची नाही. पहिला महिना घरातल्या कुणीतरी रोज बोलायचं, आणि बेचैनी वाढली, झोप उडाली, टोकाचं बोलणं आलं की त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. जिवाला धोका वाटत असेल तर नंबर फिरवत बसू नका, जवळच्या दवाखान्यात न्या.

आणखी एक. गोळी सुरू केल्यावर माणूस अचानक अति खूश, झोप नाही, पैसे उधळतोय, चार धंद्यांच्या गोष्टी करतोय असं झालं तर ते बरं होणं नव्हे. बायपोलर, म्हणजे मन कधी अति चढतं तर कधी पार खाली जातं असा आजार, असू शकतो. घरात कुणाला तसा आजार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

औंढ्याचा_भाऊ

नमस्कार. माझ्या मोठ्या भावाला एस्सिटॅलोप्राम १० चालू करून तीन आठवडे झाले. झोप सुधारली, पण अजून घराबाहेर निघत नाही. दुकानदार म्हणतो २० ची घेऊन जा. घेऊ का?

मेडिकलवाला_परभणी

तो दुकानदार मी नाही, एवढं आधी नोंदवतो 🙂

निवासी_मनोविकार

डोस इथं सांगणार नाही, भाऊ. झोप सुधारली ही चांगली खूण आहे, मन त्यामागून येतं. पण वाढवायची का हे त्यांना समोर बघून ठरतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडं या आठवड्यात न्या. जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि चालू औषधांची रिकामी पाकिटं पिशवीत घाला. भावाबरोबर रोज राहणारं माणूस सोबत पाहिजे, भाऊ स्वतः 'बरं आहे' एवढंच सांगतील.

औंढ्याचा_भाऊ

बुधवारी नेतो, वहिनीला घेऊन. बीपीच्या गोळ्याचं पाकीट पण आणायचं का? अन् गुडघ्यासाठी एका वैद्याचं चूर्ण घेतो तो.

निवासी_मनोविकार

दोन्ही. चूर्ण डब्यासकट.